फाल्कनच्या डाव्या जबड्याला तडा का गेला: एका पावसाळी रंगकामाची पूर्ण हकिगत

जोडून झालेलं मॉडेल रंगवायला घेऊ नये हे मला माहीत होतं. तरी घेतलं, कारण मागणारा पुतण्या होता.

झालं असं की जूनच्या शेवटी दादा-वहिनी नाशिकहून ठाण्याला आले, आणि डिकीतून कपड्यांच्या बॅगेआधी एक खोकं बाहेर आलं. आत बंदाई या जपानी कंपनीचं १/१४४ स्केलचं मिलेनियम फाल्कन, म्हणजे स्टार वॉर्स सिनेमांतलं अंतराळयान (त्याच्या पुढच्या दोन सुळक्यांना मी जबडे म्हणतो). हे २०१५ च्या सिनेमातलं, म्हणजे चौकोनी अँटेना-डिशचं. (गोल डिश १९८३ च्या सिनेमात डेथ स्टारच्या आत घुसताना उडाली, म्हणून नंतर चौकोनी आली. हे मला पुतण्यानंच ऐकवलं, जणू मला माहीत नव्हतं.) पोरगा आठवीत, उन्हाळ्याच्या सुट्टीत सगळं स्वतः जोडलेलं, गोंदाचा एक थेंब न वापरता, सगळं खटाखट दाबून बसवलेलं. जोडणी खरंच नीट होती. रंग मात्र अजिबात नाही, नुसतं करडं प्लास्टिक. "काका, गणपतीपर्यंत रंगवून दे ना." गणपतीला तेव्हा अडीच महिने होते. मी म्हटलं, आरामात होईल.

आरामात काही झालं नाही. दोन मोठ्या भानगडी झाल्या, एक पावसामुळे आणि एक माझ्या आळसामुळे, आणि दुसरीचं कारण शोधायला मला चार दिवस लागले. ते कारण कळल्यावर मी इतकी वर्षं ज्या बाटलीला घाबरत होतो ती चुकीची बाटली होती हे लक्षात आलं. म्हणून हे सगळं सविस्तर लिहितोय.

आधी मूळ भांडण सांगतो. पुतण्याला जहाज पांढरंशुभ्र हवं होतं. मी म्हटलं, अरे ते भंगार दिसायला पाहिजे, वेदरिंग करतो, म्हणजे वापरून जुनं झाल्यासारखं रंगवतो. तर म्हणे, "एवढं नवीन जहाज घाण कशाला करायचं? आई माझे पांढरे बूट घाण झाले की ओरडते." दादा मागून, "अरे, त्याला हवं तसं दे ना करून."

मग मी त्याला बसवून सांगितलं. १९७५ मध्ये कॅलिफोर्नियात व्हॅन नाइसला एका गोदामात आयएलएम, म्हणजे स्टार वॉर्सवाल्या जॉर्ज लुकसची स्पेशल इफेक्ट्सची कंपनी, सुरू झाली, तिथं पोरं-पोरं मिळून जहाजं बनवत होती, आणि बाजारातल्या रणगाड्यांचे, विमानांचे किट फोडून त्यातले बारीक तुकडे जहाजावर चिकटवत होती. त्यालाच आपण आज किटबॅशिंग म्हणतो. १९७७ च्या पहिल्या सिनेमासाठी बनवलेलं फाल्कन जवळजवळ पाच फुटी होतं, १९८० च्या सिनेमासाठी ३२ इंची बनवलं. आणि लुकसचं म्हणणंच असं होतं की हे जग वापरलेलं दिसलं पाहिजे, कारण त्याआधीच्या सिनेमांतली बरीचशी यानं शोरूममधून आत्ताच काढल्यासारखी चकाचक असायची. १९७९ मध्ये तर वेल्समधल्या पेम्ब्रोक डॉकला पूर्ण आकाराचं फाल्कन बांधलं होतं, जुन्या विमानांच्या हँगरमध्ये. आणि तुझं जे जहाज आहे ते सिनेमात जाक्कू नावाच्या वाळवंटी ग्रहावर ताडपत्रीखाली धूळ खात पडलेलं असतं, आणि सिनेमाची नायिका त्याला कचरा म्हणते. (ते वाळवंट अबू धाबीचं.) आता सांग, ताडपत्रीखालचं जहाज पांढरंशुभ्र कसं असेल?

तो जरा वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "बरं. पण एक पॅनेल स्वच्छ ठेव. समजा त्यांनी एखादं तुटलेलं पॅनेल बदललं असेल, तर ते नवंच दिसणार ना?"

मी दहा-बारा वर्षं हा छंद करतोय, आणि हे मला कधी सुचलं नव्हतं. डील झाली.

आता काम. अडचण पहिल्याच दिवशी दिसली. नेहमी मी तुकडे फ्रेमवर (किटमध्ये ते ज्या चौकटीला जोडून येतात) असतानाच किंवा अर्धवट जोडून प्रायमर, म्हणजे रंगाखालचा पहिला थर, मारतो, म्हणजे सगळ्या कानाकोपऱ्यात रंग पोचतो. इथे वरचा आणि खालचा भाग एकमेकांत घट्ट बसलेला, मधे सगळ्या कडेनं नळ्या-पाईप-यंत्रांचा खच, आणि उघडायला गेलो तर पिना (एक भाग दुसऱ्याच्या भोकात अडकवणारे छोटे खुंट) तुटणार. म्हणून तसंच ठेवलं. वरून काळा प्रायमर, ०.३ मिलिमीटर तोंडाच्या एअरब्रशनं (हवेच्या दाबानं रंग फवारायचं पेन), दाब १५ पीएसआयच्या आसपास. पण खोल खाचांत हवा आत जाऊन परत बाहेर येते, त्यामुळे रंग तोंडाशीच उडतो आणि तळाशी जातच नाही. टॉर्च मारून बघितलं तर खालच्या बाजूला आत करडं प्लास्टिक तसंच उघडं दिसत होतं. मी मनात म्हटलं, खालची बाजू कोण बघतंय.

हे वाक्य लक्षात ठेवा.

काळ्यावर बेस कलर मारला, ऑफ-व्हाइटमध्ये थोडा करडा आणि एक थेंब पिवळट ब्राउन. एकसारखा नाही मारला, आधी पॅनेलच्या मधे मधे वेड्यावाकड्या रेघोट्या, बारीक ठिपके, आणि मग वरून एकदम पातळ थर, म्हणजे खालचा काळा कुठे कुठे ढगासारखा दिसत राहतो. यात घाई केली की सगळं एकाच रंगाचं होऊन बसतं आणि मग वेदरिंग कितीही केलं तरी प्लास्टिकचं खेळणंच वाटतं. दोन संध्याकाळी गेल्या, पण वरची बाजू छान आली. मग रंगीत पॅनेलं. किटमध्ये त्यासाठी डिकल (पाण्यात भिजवून चिकटवायच्या पातळ खुणा) येतात आणि स्टिकरही, पण मी मोठी पॅनेलं मास्किंग टेप कापून रंगवली, गंजका लाल, मळका पिवळा, दोन-तीन गडद करडी. डिकल फक्त बारीक खुणांना.

डिकलच्या आधी ग्लॉस क्लिअर, म्हणजे चकचकीत पारदर्शक थर, मारावा लागतो, कारण खरखरीत पृष्ठभागावर डिकलखाली हवा अडकते आणि चंदेरी चट्टे दिसतात. तारीख होती १४ जुलै, बाहेर धो धो, आणि आर्द्रता मोजायचं डबडं ८९ टक्के दाखवत होतं. मला माहीत होतं की लॅकर (माझा क्लिअर त्याच जातीचा) अशा हवेत मारायचा नसतो. पण सोमवारपासून ऑफिसचं काम वाढणार होतं.

मारला. दोन मिनिटांत सगळं जहाज दुधाळ झालं, म्हणजे अक्षरशः कोणी वरून ताक सांडल्यासारखं. पॅनेलांचा लाल रंग गुलाबी दिसायला लागला.

हे का होतं ते सोपं आहे. लॅकरचा थिनर फटाफट उडतो, उडताना पृष्ठभाग गार करतो, आणि पावसाळी हवेतलं बाष्प त्या गार पृष्ठभागावर जमतं, थंड पाण्याच्या ग्लासवर बाहेरून घाम येतो तसं. ते पाणी अर्धवट ओल्या क्लिअरमध्ये अडकून पांढरं दिसतं. उपाय पण त्यातच आहे: वरचा थर पुन्हा जरा ओला करायचा आणि हळू सुकू द्यायचा, म्हणजे पाणी निघून जातं. त्यासाठी रिटार्डर घातलेला, हळू उडणारा थिनर मिळतो. बायकोच्या मते एसी लावून बेडरूम कोरडी करायची आणि तिथे मारायचं. मग तिलाच आठवलं की तिथे आपण झोपतो. शिवाय बंद खोलीत थिनरची वाफ आणि एखादी ठिणगी हा प्रकार करायचाच नसतो. तर मी जहाज सिलिका जेलच्या पुड्यांसकट धान्याच्या मोठ्या डब्यात बंद करून ठेवलं आणि वाट बघत बसलो. चौथ्या दिवशी दुपारी पाऊस उघडला, ऊन पडलं, मीटर ६६ वर आला. बाल्कनीत खिडकी उघडी ठेवून, काडतूसवाला मास्क लावून, नुसता रिटार्डरवाला थिनर धुक्यासारखा मारला. डोळ्यांसमोर दूध विरघळलं. पन्नास रुपयांच्या थिनरनं वाचवलं, आणि मी खुश झालो, आणि खुशीतच पुढची चूक केली.

कारण आता क्लिअर थोडाच उरला होता. वरच्या बाजूला अजून एक थर देऊन बाटली संपली. खालच्या बाजूला क्लिअर मारलाच नाही. कोण बघतंय.

डिकल झाले, वरची बाजू वॉश झाली. वॉश म्हणजे एनॅमल रंग एकदम पातळ करून खाचांमध्ये सोडायचा, तो आपोआप रेघेतून पळत जातो, आणि वर सांडलेला कॉटन बडनं पुसायचा. वरच्या बाजूला मी बारीक ब्रशनं एकेक रेघ केली, तीन रात्री. मग खालची बाजू आली, तिथे नुसता पाईप आणि यंत्रांचा गोंधळ, रेघ-बिघ काही नाही. मी रुंद ब्रश घेतला आणि सरळ आंघोळ घातली. काळपट तपकिरी वॉश जबड्यांच्या मधल्या खाचांत तळं करून साचला. छान दिसत होता. तसंच उलटं ठेवून झोपलो.

सकाळी चहा घेऊन बघायला गेलो तर डाव्या जबड्याच्या खालच्या बाजूला पिनेच्या रेषेत साधारण सव्वा सेंटिमीटरचा तडा. बाजूची एक पट्टी उचलली तर हातातच आली. कडेला अजून एक बारीक तडा, आणि स्टँडच्या भोकाजवळ तिसरा.

पहिला संशय माणसांवर. बायकोला विचारलं, कोणी हात लावला का याला? "तुझ्या त्या टेबलाला हात लावायची हिंमत आहे का कोणाची?" खरं होतं. दुसरा संशय पुतण्यावर, की त्यानं दाबताना कुठेतरी जोर लावला असेल. पण तडा नवा होता, आतला कोरा करडा रंग दिसत होता, वॉश आत शिरलेला नव्हता. म्हणजे वॉश ओला असताना किंवा नंतर गेला. तिसरा संशय मला सर्वात पटत होता: हार्डवेअरच्या दुकानातला एनसी (नायट्रोसेल्युलोज रंगांचा) थिनर मी ब्रश धुवायला वापरतो, तो चुकून वॉशमध्ये गेला असेल. पण तसं असतं तर प्लास्टिक विरघळून चिकट झालं असतं. इथे कडा काचेसारख्या कोरड्या, तीक्ष्ण. विरघळलं काहीच नव्हतं, नुसतं फुटलं होतं.

मग मी एक गोष्ट केली जी आधीच करायला हवी होती: तडे कुठे आहेत आणि कुठे नाहीत ते वहीत काढलं. वरच्या बाजूला तोच वॉश, तीच बाटली, एकही तडा नाही. खाली तीन, आणि तिन्ही पिना घट्ट बसलेल्या जागी. खाली पिना नसलेल्या जागी वॉशचं तळं तेवढंच होतं, तिथे काही झालेलं नाही. म्हणजे नुसत्या वॉशनं नाही, घट्ट पिनांच्या नुसत्या ताणानंही नाही (तो मे महिन्यापासून होताच), दोन्ही एकत्र आणि मधे रंगाचं कवच नाही, असं असलं तरच.

पटवून घ्यायला एक प्रयोग केला, आणि हा कोणीही घरी करू शकतं. पुतण्यानं खोक्यात रिकाम्या फ्रेमी जपून ठेवल्या होत्या, त्यावर बारीक अक्षरात पीएस असं उठवलेलं, म्हणजे पॉलिस्टायरीन. त्याच्या चार काड्या कापल्या. एक धनुष्यासारखी वाकवून दोऱ्यानं बांधली आणि तिला वॉशचा थिनर लावला. दुसरी सरळच ठेवली, तिलाही थिनर. तिसरी वाकवलेली, पण आधी प्रायमर आणि ग्लॉस मारून, सुकवून, मग थिनर. चौथी वाकवलेली, तिला एनसी थिनरचा एकच झटपट हात. माझा अंदाज होता की चौथी सगळ्यात आधी जाणार.

पहिल्या काडीवर पाऊण तासात भिंगातून पांढऱ्या केसासारख्या रेघा दिसायला लागल्या, बाकाच्या बाहेरच्या बाजूला, ताणावर आडव्या. संध्याकाळी स्वयंपाकघरातून टक् असा आवाज ऐकला आणि काडी दोन तुकडे. सरळ काडीला काही नाही. रंगवलेलीला दुसऱ्या दिवशीही काही नाही. आणि चौथी, जिची मला भीती होती, तिचा वरचा चकचकीतपणा गेला, खरखरीत झाली, पण तुटली नाही.

तर मुद्दा हा. एनसी थिनर जहाल आहे पण मिनिटभरात उडून जातो. एनॅमलचा थिनर सौम्य, प्लास्टिक विरघळवत नाही, म्हणून आपण बिनधास्त ओततो. पण तो हळू उडतो. तासन् तास ओला राहतो, बारीक फटीतून आपोआप पिनेपर्यंत सरकतो, आणि ताणलेल्या प्लास्टिकच्या रेणूंच्या साखळ्यांच्या मधे शिरून त्यांची एकमेकांवरची पकड ढिली करतो. मग आधी केसाएवढ्या भेगा आणि मग एका क्षणी पूर्ण तडा. यासाठी रसायन जहाल असावं लागतंच असं नाही, खाद्यतेलानंसुद्धा ताणाखालच्या पॉलिस्टायरीनला असे तडे जातात. मी इतकी वर्षं एनसीची बाटली कपाटात वर लपवून ठेवत होतो आणि ही दुसरी टेबलावर उघडी.

किटचा यात काही दोष नाही. बिनगोंदाचं किट घट्टच बसायला हवं, तेच त्याचं काम. रंगवणारे लोक म्हणूनच जोडण्याआधी पिनेचं टोक तिरकं छाटतात किंवा भोकाला एका बाजूनं चीर देतात, आणि वॉश रंगावरच करतात, कोऱ्या प्लास्टिकवर नाही. हे मला माहीत होतं. माहीत असणं आणि रात्री साडेअकराला हातात रुंद ब्रश असताना ते आठवणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

दुरुस्तीला जवळजवळ दोन आठवडे गेले. पहिलं काम म्हणजे ताण काढणं, कारण तो तसाच ठेवून चिकटवलं तर परत फुटणार. बारीक करवतीचं पातं फटीतून आत घालून डाव्या जबड्याची पिन कापली, कापताना जबडा किंचित उघडला, म्हणजे खरंच किती दाब होता ते दिसलं. मग तड्याच्या टोकाला हातड्रिलनं अर्ध्या मिलिमीटरचं भोक. हे विमानाच्या पत्र्याच्या दुरुस्तीत करतात: तडा टोकाशी सगळ्यात तीक्ष्ण असतो आणि तिथूनच पुढे पळतो, गोल भोक पाडलं की त्याला पळायला टोकच राहत नाही. मग आयसोप्रोपिल अल्कोहोलनं कॉटन बड बुडवून आतला तेलकटपणा काढला, रंगाला न लावता, जमेल तेवढं. मग काहीच न करता चार दिवस डब्यात सिलिका जेलसोबत. मला वाट बघणं जमत नाही, पण या वेळी बघितली.

पाचव्या दिवशी पातळ सिमेंट (प्लास्टिक जोडायचा गोंद) तड्यातून सोडलं, मास्किंग टेपनं आवळून ठेवलं. निघालेल्या पट्टीसाठी सरळ केलेल्या यू-पिनेचे तुकडे घालून सुपरग्लू. पुट्टी, मग ४००, ६००, १००० नंबरचा पॉलिश पेपर, मग प्रायमर, आणि या वेळी खालच्या खाचांत एअरब्रश जात नव्हता तिथे ब्रशनं. मग ग्लॉस, खालीसुद्धा. सगळीकडे. पुतण्याला तेव्हा सांगितलं नव्हतं. वहिनीनं फोनवर विचारलं, "झालं का हो भाऊजी?" तर मी म्हटलं, सुकतंय. खोटं नव्हतं.

जबडा अजूनही साधारण अर्धा मिलिमीटर खाली झुकलेला आहे. मला दिसतो. दुसऱ्या कोणाला दाखवल्याशिवाय दिसत नाही.

आता वेदरिंग, जे खरं तर या सगळ्याचं कारण होतं. इथे स्केलचा हिशोब डोक्यात ठेवावा लागतो. १/१४४ मध्ये एक मिलिमीटर म्हणजे खऱ्या जहाजावर १४.४ सेंटिमीटर. रंग उडाल्याचा एक मिलिमीटरचा ठिपका काढला तर खऱ्या जहाजावर तो तळहाताएवढा टवका आहे. असे शंभर काढले तर ते जहाज वापरलेलं नाही, कोणी हातोड्यानं ठोकलेलं दिसतं. म्हणून मी भांडी घासायच्या स्पंजचा कोपरा फाडून, रंगात टेकवून, कागदावर जवळजवळ कोरडा होईपर्यंत दाबून मग जहाजावर टेकवला. ते सुद्धा सगळीकडे नाही, जबड्याच्या पुढच्या कडा, कॉकपिटच्या नळीच्या कडा, जिथे खरंच काहीतरी आपटेल तिथे. काळा वापरला नाही, गडद तपकिरी-करडा वापरला, कारण एवढ्या लहान स्केलवर शुद्ध काळा आणि शुद्ध पांढरा दोन्ही खोटे दिसतात.

मग ओघळ. इथे बरेच जण चुकतात आणि मीही चुकायचो: रणगाड्यावर करतात तसे वरून खाली पावसाचे ओघळ काढतात. अंतराळात पाऊस नाही. पण हे जहाज वातावरणात शिरतं, उतरतं, आणि तेव्हा तेल-काजळी मागे ओढली जाते, म्हणून फाल्कनवर ओघळ पुढून मागे जायला हवेत, जबड्यांकडून इंजिनाकडे. सपाट भागावर तेलरंगाचे बारीक ठिपके ठेवले, तपकिरी, करडा, थोडा गेरू, आणि अगदी कमी टर्पेंटाइन लावलेल्या ब्रशनं मागच्या दिशेनं ओढले. कमी म्हणजे ब्रश टिश्यूवर पुसून मग. बाजूच्या उभ्या कडांवर मात्र थोडे खाली जाणारे ओघळ काढले, कारण जाक्कूवर ते वर्षानुवर्षं उभंच होतं.

मागच्या बाजूला जी गोल झाकणांसारखी भोकं आहेत त्यांच्याभोवती धुरकट तपकिरी एअरब्रशनं, रंग पाच टक्के आणि थिनर पंच्याण्णव असा काहीसा. दहा वेळा मारलं तेव्हा दिसायला लागलं. वेदरिंगमध्ये थांबायचं कधी हे ठरवणं कठीण असतं, माझा नियम असा की जहाज हातभर अंतरावर धरून बघायचं, आणि नजर आधी घाणीवर गेली तर ती जास्त झाली. आधी जहाज दिसलं पाहिजे.

धुळीसाठी महागडे पिगमेंट न घेता पेस्टल खडू पॉलिश पेपरवर घासून पूड केली, गेरू, पांढरा आणि चिमूटभर तपकिरी. अबू धाबीच्या वाळूचे फोटो समोर ठेवून रंग जुळवला, आपल्याकडची लाल माती इथे चालली नसती. मऊ ब्रशनं खाचांत आणि डिशच्या पायथ्याशी टेकवली. अडचण अशी की वरून मॅट क्लिअर मारला की पूड ओली होऊन अर्धीअधिक गायबच होते. म्हणून वरच्या बाजूला क्लिअर आधी, धूळ नंतर, आणि धुळीवर काहीही नाही. हात लावला की निघेल हे माहीत होतं. चालेल म्हटलं.

आणि ते स्वच्छ पॅनेल. बेस कलरची एक छोटी बाटली मी सुरुवातीलाच राखून ठेवली होती. कुठलं पॅनेल हे पुतण्याला फोनवर विचारलं, त्यानं व्हिडिओ कॉलवर जहाज फिरवायला लावलं, दहा मिनिटं. शेवटी डिशच्या मागचं एक छोटं चौकोनी निवडलं, "कारण डिश बदलली तेव्हा बाजूचंही बदललं असेल." तेवढंच पॅनेल ब्रशनं दोन हात कोरं केलं, वॉश नाही, धूळ नाही. मला वाटलं होतं खटकेल. उलट त्या एका चौकोनामुळे बाकी सगळी घाण खरी वाटायला लागली.

चतुर्थीच्या आदल्या दिवशी नाशिकला पोचलो. खोकं मांडीवर घेऊन बसलो होतो, कसारा घाटात दर वळणाला जबडा आठवत होता. पुतण्यानं झाकण काढलं, बराच वेळ काही बोलला नाही, मग बोट सरळ डिशच्या मागच्या चौकोनावर. मग जहाज उलटं केलं. पोरं पण ना. "काका, इथे काहीतरी झालं होतं ना?"

सांगितलं सगळं. वाकवलेल्या काड्या पण नेल्या होत्या, त्या दाखवल्या. त्याला जहाजापेक्षा तुटलेली काडी जास्त आवडली असं माझं मत आहे, शाळेत नेऊन दाखवली म्हणे. वहिनीला त्याच्या बोटांना लागलेली पिवळी धूळ सोफ्यावर दिसली, त्यावर वेगळं बोलणं झालं.

मागच्या आठवड्यात त्यानं फोटो पाठवला, कॉकपिटच्या नळीखाली केसाएवढी रेघ. तिथेही एक पिन आहे, आणि त्या रात्री वॉश तिथपर्यंत गेला होता की नाही ते मला आठवत नाही. नवा तडा की जुन्या वॉशची रेघ, हे फोटोवरून कळत नाही. नखानं खरवडून बघ असं टाइप केलं आणि पुसून टाकलं. हात लावू नकोस, दिवाळीला येतोय, भिंग आणतो.